स्क्रिप्टमधून कमांड चालते पण आउटपुट हाती लागत नाही: कुठून बघायला सुरुवात करायची

नागपूरच्या हिंगणा रोडवरच्या कॉलेजातली पोरं असोत, इतवारीतल्या होलसेल दुकानाचं बिलिंग सांभाळणारा ऑपरेटर असो की धरमपेठेतल्या सीए ऑफिसमधला कोणी, फोनवर वाक्य एकच असतं, "भाऊ, टर्मिनलवर कमांड बरोबर चालून राहिली, स्क्रिप्टमध्ये टाकली की काहीच येऊन नाही राहिलं." हा बिघाड मी इतक्या वेळा दुरुस्त केलाय की आता कोड बघायच्या आधी मी काही प्रश्न विचारतो, आणि बहुतेक वेळा तिथंच काम होतं. दोष कमांडमध्ये क्वचितच असतो. तुमचं टर्मिनल वेगळं आणि स्क्रिप्ट जिथं चालते ते वातावरण वेगळं, भानगड त्या फरकात असते, म्हणून कोड उलटापालटा करायच्या आधी तो फरक शोधायचा.

(कमांडची आणि ऑप्शनची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे.)

लक्षणं

आधी तुमचं यातलं कोणतं आहे ते ठरवा, कारण "चालत नाही" यावरून काहीच कळत नाही.

व्हेरिएबल रिकामं येतं, एररही नाही. किंवा आउटपुट स्क्रीनवर दिसतो पण व्हेरिएबलमध्ये नसतो. किंवा हातानं चालवली तर ठीक, रात्री क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय) चालली की "कमांड नॉट फाउंड". छोट्या फाइलवर चालते, मोठ्या फाइलवर तासभर नुसती लटकून राहते. लूपमध्ये शंभर फाइली आहेत पण पहिलीच होते आणि लूप गुपचूप संपतो. आउटपुट येतो पण मराठीच्या जागी किडेमकोडे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सगळं "यशस्वी" दिसतं, महिन्यानंतर कळतं की बॅकअप फाइल रिकामी होती.

पहिली तपासणी, फुकटातली: तीन गोष्टी वेगवेगळ्या छापा

प्रत्येक कमांड तीन गोष्टी परत देते. स्टँडर्ड आउटपुट (कमांडचं उत्तर), स्टँडर्ड एरर (तक्रारींची वेगळी वाट) आणि एक्झिट कोड (काम झालं की नाही ते सांगणारा आकडा). तिन्ही वेगवेगळ्या प्रिंट करा, एकत्र नाही. हे केल्याशिवाय पुढं जाऊ नका, कारण "रिकामं आलं" याचे निदान चार अर्थ होतात आणि कोणता खरा ते हे तिघंच सांगतात.

पायथॉनमध्ये अजूनही लय लोक ओएस डॉट सिस्टम वापरतात. ते आउटपुट पकडतच नाही, फक्त एक्झिट स्टेटस देतं, आउटपुट सरळ स्क्रीनवर जातो, म्हणून "दिसतो पण हाती येत नाही". सबप्रोसेस मॉड्यूलचं रन वापरा, त्यात कॅप्चर-आउटपुट ट्रू आणि टेक्स्ट ट्रू द्या. कॅप्चर दिलं नाही तर आउटपुटच्या जागी नन, म्हणजे "काहीच नाही", मिळतो. रन हे ३.५ मध्ये म्हणजे २०१५ ला आलं, पण कॅप्चर-आउटपुट हा ऑप्शन ३.७ मध्ये, २०१८ ला. ऑफिसच्या कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर उबुंटू १८.०४ असेल तर तिथं पायथॉन ३.६ आहे, तो हा ऑप्शन ओळखत नाही आणि टाइप एरर देतो. तिथं स्टडआउट आणि स्टडएरर दोन्हीला पाइप द्या, टेक्स्टच्या जागी युनिव्हर्सल-न्यूलाइन्स.

मग स्टँडर्ड एरर. काही कमांड आपला महत्त्वाचा मजकूर तिकडेच लिहितात आणि त्यात काही चूक नाही, त्यांची रीतच तशी. जावाचं व्हर्जन सिंगल डॅशनं विचारलं की उत्तर एररच्या वाटेनं येतं, एफएफएमपेगचा सगळा लॉग तिकडेच, कर्लची प्रोग्रेसही तिकडेच. शेलमध्ये (तुम्ही टाइप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) दोन्ही एका फाइलमध्ये हवे असतील तर आधी फाइलकडे वळवायचं आणि त्यानंतर २>&१ लिहायचं. उलटं लिहिलं तर एरर स्क्रीनवरच जातो, कारण शेल डावीकडून उजवीकडे वाचतो आणि त्या क्षणी आउटपुट जिथं जात असतो तिथंच एररला पाठवतो.

एक्झिट कोड वाचायला शिका, खूप वेळ वाचतो. ० म्हणजे ठीक. १२७ म्हणजे कमांड सापडलीच नाही. १२६ म्हणजे सापडली पण चालवता आली नाही, बहुतेक एक्झिक्यूट परमिशन नाही. १२८ च्या वर असेल तर १२८ वजा करा, उरेल तो सिग्नल. १३७ म्हणजे ९ नंबर, कोणीतरी जबरदस्तीनं मारलं. पायथॉन तेच उणे ९ असं दाखवतो. आणि ग्रेपचा १ म्हणजे बिघाड नाही, शब्द सापडला नाही एवढंच, खरा बिघाड २. डिफचंही तसंच, १ म्हणजे फाइली वेगळ्या आहेत. पायथॉनच्या रनमध्ये चेक ट्रू (कोड ० नसेल तर एरर देणारा ऑप्शन) लावून ठेवलं आणि ग्रेपला काही सापडलं नाही की स्क्रिप्ट आडवी होते, लोक मग सर्व्हरला दोष देत बसतात.

दुसरी: कमांड स्क्रीनवर लिहिते तरी का?

ही पाच मिनिटांची तपासणी आहे आणि कोणी करत नाही. पीडीएफमधून मजकूर काढणारी पीडीएफटूटेक्स्ट घ्या. नुसतं फाइलचं नाव दिलं तर ती काहीच छापत नाही, त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची टेक्स्ट फाइल बनवून मोकळी होते. एक्झिट कोड ०, एरर रिकामा, आउटपुट रिकामा, सगळं नियमात. आउटपुट हातात हवा असेल तर दुसऱ्या फाइलच्या जागी नुसता एक डॅश द्यायचा. टेसरॅक्टला आउटपुटच्या नावाच्या जागी स्टडआउट असा शब्द द्यावा लागतो, नाहीतर तोही फाइल बनवतो. म्हणून कमांडचं मॅन्युअल उघडून "आउटपुट कुठं जातो" एवढी एक ओळ वाचा, आणि ज्या फोल्डरमध्ये स्क्रिप्ट चालून राहिली तिथं नवीन फाइली पडल्या आहेत का ते पाहा.

तिसरी: क्रॉनमध्येच बिघडतं तेव्हा

सगळ्यात जास्त फोन याचेच. डेबियन-उबुंटूवर युजरच्या क्रॉनला पाथमध्ये (कमांड शोधायच्या जागांची यादी) दोनच जागा मिळतात, /यूएसआर/बिन आणि /बिन. तुम्ही काही /यूएसआर/लोकल/बिन मध्ये टाकलं असेल, किंवा होम फोल्डरमध्ये, किंवा पायथॉनच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये, तर क्रॉनसाठी ते अस्तित्वातच नाही. तुमच्या बॅशआरसी या सेटिंग फाइलीतले एलियास, म्हणजे कमांडला दिलेली टोपणनावं, तर मुळीच नाही. टर्मिनलवर टाइप ही कमांड लावून पाहा, तुम्ही जिला कमांड समजत होता ती एलियास निघते कधीकधी.

अंदाज लावत बसू नका, मोजा. क्रॉनमध्ये एका मिनिटासाठी एक ओळ टाका जी एन्व्ह (वातावरणातली सगळी व्हेरिएबल छापणारी कमांड) चालवून त्याचा आउटपुट टेम्पमधल्या फाइलीत टाकेल, आणि तीच कमांड टर्मिनलवर दुसऱ्या फाइलीत. दोन्ही सॉर्ट करून डिफ लावा. पाथ, होम, लँग, शेल, जो फरक आहे तो समोर येतो, वादच संपतो. मग स्क्रिप्टमध्ये कमांडचा पूर्ण पत्ता लिहा, किंवा क्रॉनटॅबच्या, म्हणजे क्रॉनच्या वेळापत्रकाच्या फाइलीच्या, वर पाथ लिहा. माझं मत विचाराल तर पूर्ण पत्ता, कारण स्क्रिप्ट उद्या दुसरीकडे नेली तरी काय अपेक्षित होतं ते दिसतं.

क्रॉनच्या आणखी तीन गोष्टी. तो होम फोल्डरमधून चालतो, तुमच्या प्रोजेक्ट फोल्डरमधून नाही, त्यामुळे अर्धवट पत्ते सगळे चुकतात. क्रॉनटॅबच्या ओळीत % लिहिला की क्रॉन तिथं ओळ तोडतो, तारीख घालून फाइलचं नाव बनवणारे इथंच अडकतात, % च्या आधी बॅकस्लॅश द्या. आणि क्रॉन बॅश चालवत नाही, एसएच चालवतो, जो डेबियन-उबुंटूवर डॅश नावाचा साधा शेल असतो, त्याला डबल चौकटी कंस आणि सोर्स हा शब्द कळत नाही.

इथंच एक फसवा एरर पण येतो. फाइल डोळ्यांसमोर आहे, परमिशन आहे, तरी "नो सच फाइल". काऊन? तर स्क्रिप्ट विंडोजवर नोटपॅडमध्ये लिहून आणली, प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा कॅरेज रिटर्न चिकटला, आणि पहिल्या ओळीतला इंटरप्रिटर (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) त्या शेपटीसकट शोधला जातो. जी सापडत नाही ती तुमची स्क्रिप्ट नाही, तो इंटरप्रिटर आहे. फाइल ही कमांड लावली की "सीआरएलएफ" दिसेल, डॉसटूयूनिक्स लावा, झालं.

चौथी: नावातल्या स्पेस, स्टार आणि कोट

"मार्च बिल २" नावाची पीडीएफ शेलला तीन वेगळ्या गोष्टी वाटतात. पायथॉनमध्ये कमांड लिस्ट म्हणून द्या, एकेक आर्ग्युमेंट एकेक तुकडा, मग स्पेस असो की कोट, काही फरक पडत नाही. पण लिस्ट दिली की मध्ये शेल नसतो, म्हणून स्टार, टिल्डे, पाइप यातलं काहीच उलगडत नाही. एलएसला स्टार दिला तर तो खरोखर स्टार नावाची फाइल शोधतो. स्टार उलगडायला पायथॉनचं ग्लॉब मॉड्यूल आहे. लिस्ट पण द्यायची आणि शेल ट्रू पण करायचं हे लिनक्सवर चुकीचं आहे, लिस्टमधली पहिलीच गोष्ट कमांड म्हणून चालते, बाकीची शेलच्याच आर्ग्युमेंटमध्ये जातात, आणि तुम्हाला आउटपुट मिळतो पण भलताच.

शेल ट्रू लावून त्यात बाहेरच्या माणसानं टाइप केलेला मजकूर जोडू नका. फॉर्ममध्ये कोणी नावाच्या जागी सेमिकोलन आणि डिलीटची कमांड लिहिली तर तुमची मशीन ती इमानदारीनं चालवेल.

पाचवी: "यशस्वी" म्हणणारी खोटी स्क्रिप्ट

इथं जरा थांबतो, कारण यात लोकांचा डेटा गेलेला पाहिलाय. डेटाबेसचा डंप काढायचा आणि पाइपनं (एका कमांडचा आउटपुट थेट दुसरीला देणारी जोडणी) जीझिपला, म्हणजे फाइल दाबून लहान करणाऱ्या कमांडला, द्यायचा, ही ओळ अर्ध्या दुकानांच्या बॅकअपमध्ये आहे. पासवर्ड बदलला की डंप पडतो. पण पाइपलाइनचा एक्झिट कोड शेवटच्या कमांडचा असतो, आणि जीझिपचं काम तर नीटच झालं, त्याला रिकामा माल मिळाला तो त्यानं दाबून ठेवला. स्क्रिप्ट म्हणते ०, रोज सकाळी "बॅकअप झाला" असा मेसेज येतो. त्या फोल्डरमध्ये जाऊन साइज पाहा, २० बाइटच्या फाइली रांगेनं पडलेल्या दिसतील. रिकामा इनपुट दाबला की जीझिपची फाइल एवढीच होते.

बॅशमध्ये वरती सेट करून पाइपफेल चालू करा, मग मधली कमांड पडली तरी कळतं, किंवा पाइपस्टेटसमध्ये प्रत्येक कमांडचा कोड पाहा. आणि फंक्शनच्या आत लोकल (व्हेरिएबल त्या फंक्शनपुरतं ठेवणारा शब्द) आणि कमांडचा आउटपुट एकाच ओळीत लिहू नका, कारण मग $? मध्ये लोकलचा कोड येतो, जो ०, आणि तुमच्या कमांडचा कोड गायब. आधी लोकल, दुसऱ्या ओळीत असाइनमेंट. त्याउपर बॅकअप असेल तर फाइलचा आकार तपासणारी एक ओळ हवीच, मी ती नसलेली स्क्रिप्ट कोणाला देतच नाही.

सहावी: मराठी अक्षरं

विंडोजवर टेक्स्ट ट्रू दिलं की पायथॉन सिस्टमचं जुनं कोडपेज (अक्षरांचा तक्ता) धरतो, आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजवर बहुतेक १२५२. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणून एका अक्षराच्या जागी तीन तीन विचित्र चिन्हं दिसतात. आता मजा नाही, त्रास बघा: "नागपूर" हा शब्द कचरा होऊन का होईना पण जातो, आणि "वर्धा" आला की प्रोग्राम एरर देऊन पडतो. हलन्ताच्या तीन बाइटपैकी शेवटचा १२५२ च्या तक्त्यात नाहीच, त्यामुळे जोडाक्षर आलं की डिकोड एरर. ग्राहकांच्या यादीत काही नावांवर चालतं आणि काही नावांवर पडतं त्याचं कारण हे. टेक्स्ट ट्रूच्या सोबत एन्कोडिंग यूटीएफ-८ स्पष्ट लिहा, समोरचा प्रोग्राम खरंच यूटीएफ-८ लिहीत असेल तर एवढंच पुरतं.

एरर्स रिप्लेस हा ऑप्शन (न वाचता आलेल्या अक्षराच्या जागी दुसरं चिन्ह टाकणारा) फक्त लॉगसाठी. बिल, नावं, पत्ते अशा डेटावर लावला तर गेलेली अक्षरं परत येत नाहीत.

सातवी: लूप पहिल्यावरच थांबतो

व्हाइल रीड लूपमध्ये (यादीतली एकेक ओळ वाचणारा लूप) एसएसएच किंवा एफएफएमपेग असेल तर ती कमांड लूपची उरलेली यादीच इनपुट समजून गिळते. एसएसएचला डॅश एन, एफएफएमपेगला नोस्टडइन, बाकीच्यांना इनपुट म्हणून डेव्ह-नल, म्हणजे कायम रिकामी असलेली फाइल. लटकण्याचं एक कारण हेच की आतली कमांड पासवर्ड किंवा "यस ऑर नो" विचारून उत्तराची वाट पाहत बसली आहे, आणि तो प्रश्न तुम्हाला दिसत नाही.

आठवी: मोठ्या फाइलवर लटकणं

आता अवघड भाग सुरू. लिनक्सवर पाइपची जागा साधारण ६४ किलोबाइट. पायथॉनच्या पॉपेननं कमांड सुरू केली, आउटपुटला पाइप दिला, आणि न वाचताच वेट केलं, तर ६४ किलोबाइट भरले की कमांड लिहायची थांबते आणि तुम्ही ती संपायची वाट पाहता. कळमन्याच्या यार्डात गाडीतून संत्री उतरून राहिली, ओटा भरला, माल उचलणारा म्हणतो गाडी पूर्ण रिकामी झाल्याशिवाय मी हात लावणार नाही, तसं हे. कधीच संपत नाही. छोट्या फाइलवर ओटा भरत नाही म्हणून चालतं, तेवढ्यावरून ओळखायचं. वेटच्या जागी कम्युनिकेट वापरा, तो दोन्ही पाइप एकाच वेळी रिकामे करत जातो, रन आतून तेच करतो. आउटपुट खूपच मोठा असेल, शेकडो एमबी, तर मेमरीत घेऊच नका, सरळ फाइलीत वळवा.

याचा भाऊ म्हणजे बफरिंग. टर्मिनलवर ओळ ओळ दिसणारा आउटपुट पाइपमध्ये गेला की प्रोग्राम काही किलोबाइट जमा करून एकदम सोडतो. कमांड अडकलेली नाही, साठवून राहिली. पायथॉन असेल तर डॅश यू, ग्रेप असेल तर लाइन-बफर्ड, इतरांना एसटीडीबफ लावून पाहा, सगळ्यांवर चालत नाही पण पुष्कळांवर चालतं.

टाइमआउट नेहमी द्या. फक्त शेल ट्रू असेल तर टाइमआउटनंतर शेल मरतो आणि त्यानं सुरू केलेली खरी कमांड मागे चालू राहू शकते, दुसऱ्या दिवशी मशीनवर तीच कमांड दहा वेळा दिसते. स्टार्ट-न्यू-सेशन देऊन पूर्ण ग्रुपला मारावं लागतं.

शेवटची: एसट्रेस

वरचं सगळं झालं तरी कळलं नाही तर एसट्रेस (प्रोग्राम सिस्टमकडे काय काय मागतो ते दाखवणारी कमांड), डॅश एफ लावून, म्हणजे पोटातल्या प्रोसेसही दिसतात. एक्झेकव्हीई, ओपनॅट, रीड आणि राइट एवढंच पाहा, नाहीतर वाहून जाल. कोणती फाइल उघडायला गेला आणि कुठं "नो सच फाइल" मिळालं, किंवा शेवटची ओळ रीडवर थांबली आहे का, हे शोधायचं.

इथं हात थांबवा आणि जाणकाराला बोलवा

प्रोसेस किल डॅश ९ नं पण मरत नसेल आणि पीएसमध्ये तिची स्थिती डी दिसत असेल, आणि डीमेसेजमध्ये (सिस्टमचा आतला लॉग दाखवणारी कमांड) आयओ एरर येत असेल, तर हा स्क्रिप्टचा विषय नाही, डिस्कचा आहे. परत परत चालवू नका, प्रत्येक वेळी त्या डिस्कवर ताण येतो. महत्त्वाचा डेटा असेल तर मशीन बंद करून हार्डवेअरवाल्याला दाखवा.

१३७ पुन्हा पुन्हा येत असेल आणि डीमेसेजमध्ये आउट ऑफ मेमरी असेल, आणि मशीनवर इतरांचंही काम चालत असेल, तर सिस्टम अ‍ॅडमिनला सांगा, स्वतः लिमिट बदलू नका.

परमिशन डिनाइड आला म्हणून चमॉड ७७७ (सगळ्यांना सगळे हक्क) किंवा पासवर्डशिवाय सुडो (अ‍ॅडमिनचे हक्क) देऊ नका, एसईलिनक्स किंवा अ‍ॅपआर्मर हे लिनक्सचे पहारेकरी बंद करू नका. ती भिंत कोणीतरी कारणानं उभी केली असते, ज्यानं केली त्यालाच विचारा.

इंटरनेटवर उघड्या फॉर्मचा मजकूर शेलमध्ये जात होता असं कळलं तर तो फॉर्म आत्ताच्या आत्ता बंद करा आणि सिक्युरिटी कळणाऱ्या माणसाकडून सर्व्हर तपासून घ्या, नुसता कोड दुरुस्त करून भागत नाही, आधी कोणी घुसून गेलं का ते पाहावं लागतं. आणि २० बाइटचे बॅकअप सापडले तर जुनी एकही फाइल डिलीट करू नका, डेटाबेसवाल्याकडून एक रिस्टोर करून दाखवून घ्या, मग बाकीचं.

बोलवायच्या आधी एवढं जमवून ठेवा, त्याचा अर्धा दिवस वाचतो आणि तुमचे पैसेही: पूर्ण कमांड जशीच्या तशी, कोणत्या युजरनं आणि कुठून चालली (टर्मिनल, क्रॉन की वेब सर्व्हर), एक्झिट कोड, स्टँडर्ड एररचा पूर्ण मजकूर, एन्व्हच्या त्या दोन फाइली, आणि एसट्रेसच्या शेवटच्या पन्नासेक ओळी. पाठवायच्या आधी एन्व्ह, कमांड आणि एसट्रेस तिन्हींमध्ये पासवर्ड आणि टोकन शोधून काढून टाका, आणि पासवर्ड कमांडच्या ओळीतच लिहिलेला असेल तर तो बदलून घ्या, कारण कमांड चालू असताना त्या मशीनवरच्या दुसऱ्या युजरलाही तो पीएसमध्ये दिसू शकतो.